हेमाद्रिपंत आणि त्यांच्या नावाची देवळे

आपल्या मुलखात काळ्या दगडाचे एखादे जुने देऊळ दृष्टीस पडावे, त्याच्या भिंतीच्या सांध्यांत चुना आढळू नये, आतील खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल असे घडविलेले असावेत, म्हणजे गावातील वडीलधारी मंडळी एका शब्दात त्याचा निर्णय देऊन टाकतात. ते देऊळ हेमाडपंती! कोणी बांधले, कधी बांधले, कशासाठी बांधले, हे पुढे कोणी विचारीत नाही. एका माणसाचे नाव साऱ्या प्रांतातील देवळांना चिकटावे आणि त्या माणसाचे चरित्र मात्र कोणास ठाऊक नसावे, ही आपल्या इतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट आहे. म्हणून या अंकात आम्ही हेमाद्रिपंतांचे चरित्र सभासदांपुढे मांडण्याचे योजिले आहे. त्या चरित्रातून आज आपणांस, म्हणजे देवळाची काळजी वाहणाऱ्या कुटुंबांस, काय घेण्यासारखे आहे, तेही शेवटी सांगू.

हेमाद्रिपंतांचा काळ म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या वैभवाचा शेवटचा काळ. ते वत्स गोत्री ब्राह्मण. पित्याचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव आणि पणजोबांचे वामन. ही वंशावळ त्यांच्या ग्रंथांतून आलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घरात विद्येची परंपरा होती आणि त्या विद्येस राजाश्रयाची जोड मिळाली. महादेवराव यादव इ. स. १२६१ च्या सुमारास देवगिरीच्या गादीवर आले, तेव्हा हेमाद्रिपंत त्यांच्या दरबारी श्रीकरणाधिप या पदावर होते. श्रीकरण म्हणजे राज्याचे दप्तर. दानपत्रे, सनदा, वसुलाचे हिशेब, सरकारी लिखापढी, हे सारे ज्याच्या हाताखालून जाते तो श्रीकरणाधिप. त्याखेरीज राज्याच्या हत्तीदळाचा अधिकारही त्यांच्याकडे होता. एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात अंकुश, अशी ही योग्यता होती.

महादेवरावांच्या कारकीर्दीत यादवांनी उत्तर कोकण जिंकले. तेथील शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावरील लढाईत बुडून मरण पावला आणि ठाण्याचे राज्य देवगिरीस जोडले गेले. ही हकीकत हेमाद्रिपंतांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या राजप्रशस्तीत नोंदवून ठेवली आहे. यादवकुळाची मूळ पुरुषापासूनची वंशावळ त्यांनी तेथे दिली आहे. पुढे इ. स. १८८४ मध्ये डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा यादवांच्या प्रकरणासाठी त्यांना या प्रशस्तीचा मोठा आधार मिळाला. दप्तर सांभाळणाऱ्या मनुष्याची ही सवय पाहा. राजाची स्तुती करताना देखील त्यांनी नोंद ठेवण्याचे आपले काम सोडले नाही.

आपल्या येळ्ळूरकरांस हा काळ परका वाटण्याचे कारण नाही. बेळगाव प्रांतावर त्यापूर्वी रट्टांचे राज्य होते आणि बेळगावचा किल्ला त्यांच्या ताब्यात होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघण यादवांच्या कारकीर्दीत रट्टांची सत्ता मोडली आणि हा प्रदेश देवगिरीच्या छत्राखाली आला. म्हणजे हेमाद्रिपंत ज्या राज्याचे दप्तर सांभाळीत होते, त्या राज्यात आपला हा मुलूखही होता. राजहंसगडाच्या माथ्यावरून आपण जी शेते पाहतो, तो परिसर तेव्हा यादवांच्या सत्तेखाली होता, हे ध्यानी ठेवून पुढील मजकूर वाचावा.

इ. स. १२७१ मध्ये महादेवराव निवर्तले. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र आमणदेव गादीवर बसले. परंतु महादेवरावांचे वडील बंधू कृष्णदेव यांचे पुत्र रामचंद्रदेव यांना गादीवरील आपला हक्क सोडावयाचा नव्हता. त्यांनी देवगिरीचा किल्ला हस्तगत केला आणि आमणदेवांस पदच्युत करून त्यांचे डोळे काढविले. घराण्यातील हा कलह फार क्रूर होता आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. हेमाद्रिपंतांची कसोटी येथे लागली. ज्या राजाचे अन्न खाल्ले त्याचा पुत्र आंधळा होऊन बंदिवासात पडला आणि नवा राजा गादीवर आला. तरीही त्यांनी अधिकार सोडला नाही. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे शके ११९४ च्या, ठाणे येथील ताम्रपटात रामचंद्रदेवांचे मंत्री म्हणून त्यांचे नाव येते आणि झाडीमंडळाच्या, म्हणजे पूर्वेकडील अरण्यमय प्रदेशाच्या, विजयाचे श्रेय त्यांना दिलेले आढळते. राजा बदलला तरी दप्तर चालले पाहिजे, असा विचार त्यांनी केला असावा, अथवा अधिकाराचा मोह त्यांना सुटला नसावा. मनुष्याच्या अंतःकरणात शिरून न्याय देणे सातशे वर्षांनंतर शक्य नाही. मात्र थोर पुरुषांचे चरित्र लिहिताना अशी प्रकरणे गाळू नयेत, असे आम्हांस वाटते.

राज्यकारभाराच्या या धकाधकीत त्यांनी केलेली ग्रंथरचना पाहिली म्हणजे मन थक्क होते. चतुर्वर्गचिंतामणी हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशी त्याची पाच खंडांची योजना आहे. पुराणे, स्मृती आणि जुने निबंध चाळून त्यांतील वचने विषयवार लावणे, हे काम एका ग्रंथशाळेचे आहे. आपल्या घरी जी व्रते होतात, तिथीचा जो निर्णय होतो, श्राद्धाचे जे नियम सांगितले जातात, त्यांविषयी वाद पडला म्हणजे पुढच्या धर्मशास्त्रकारांनी वारंवार हेमाद्रीचा आधार घेतला. आमच्या घराण्यात पूजेचे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, आणि मुहूर्ताच्या अथवा तिथीच्या प्रश्नात हेमाद्रीचे मत काय, असा प्रश्न निघताना आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु हा हेमाद्री आणि देवळांचा हेमाडपंत एकच, हे ध्यानी यावयास आम्हांस शाळा संपवावी लागली. अनेक सभासदांची स्थिती अशीच असेल.

वैद्यकातही त्यांची गती होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथावर त्यांनी आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. विद्वानांस आश्रय देण्यात त्यांनी कसूर केली नाही. मुग्धबोध व्याकरणाचे कर्ते बोपदेव हे त्यांचे आश्रित व स्नेही. भागवतावरील मुक्ताफळ हा ग्रंथ बोपदेवांनी त्यांच्यासाठी रचला आणि त्यावरील कैवल्यदीपिका टीका हेमाद्रिपंतांच्या नावावर आहे. व्याकरण, वैद्यक, धर्मशास्त्र आणि भक्ती या चारही वाटा त्या एका वाड्याच्या अंगणात येऊन मिळत होत्या.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. त्याच काळी चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची स्थापना केली होती. जातिभेद न मानता, स्त्रीशूद्रांस जवळ करून, लोकांच्या मराठी भाषेत ते धर्म सांगत होते. संस्कृत ग्रंथांतून शेकडो व्रते आणि दानांचे प्रकार सांगणाऱ्या मंत्र्यास हा मार्ग रुचला नसल्यास नवल नाही. महानुभावांच्या ग्रंथांत हेमाद्रिपंतांची आठवण विरोधक म्हणूनच राहिली आहे, आणि स्वामींच्या छळाचा दोषही त्यांत त्यांच्याकडे जातो. एका परंपरेने ज्यांना धर्माचा आधार मानले, त्यांनाच दुसऱ्या परंपरेने धर्माच्या वाटेतील धोंड मानले. पुढे इ. स. १२९० मध्ये, रामचंद्रदेवांच्याच राज्यात, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि धर्माची भाषा मराठी झाली. काळाचा ओघ कोणत्या बाजूस वळला, हे आज प्रत्येक वारकऱ्याच्या घरी दिसते.

लोकांच्या तोंडी मात्र हेमाद्रिपंत वेगळ्याच रूपाने जिवंत राहिले. त्यांनी लंकेहून मोडी लिपी आणली, बाजरीचे पीक या देशी त्यांनीच रूढ केले, पत्रव्यवहाराचे मायने त्यांनी ठरविले, विभीषणाचा रोग बरा करून त्यांनी राक्षसांची मदत मिळविली आणि त्या राक्षसांकडून रातोरात देवळे उभारली, अशा कथा आहेत. कारकुनी लिखाणाच्या रीती सांगणारे हेमाडपंती मेस्तक त्यांच्या नावावर सांगितले जाते. यांतील लंकेची आणि राक्षसांची गोष्ट अर्थातच दंतकथा. मोडीच्या उगमाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी जलद लिहिण्याच्या लिपीस उत्तेजन देईल, हे सयुक्तिक आहे. आपल्या भागातील जुन्या घरांच्या पेट्यांत अजून मोडीतील कागद सापडतात. ते वाचता येणारा मनुष्य मात्र आता दुर्मीळ झाला आहे.

आता देवळांकडे वळू. हेमाडपंती म्हटली जाणारी सारी देवळे हेमाद्रिपंतांनी बांधली काय? याचे उत्तर स्पष्टपणे नाही असेच द्यावे लागते. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील असल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. ते शिलाहारांच्या काळचे असून हेमाद्रिपंतांच्या अधिकारापूर्वी दोनशे वर्षे उभे होते. सिन्नरचे गोंदेश्वराचे पंचायतन त्यांच्या आधीचे. कृष्णाकाठी खिद्रापूर येथे कोपेश्वराचे अप्रतिम देऊळ आहे. त्यावर सिंघण यादवांचा शिलालेख असून तोही हेमाद्रिपंतांच्या मंत्रिपदापूर्वीचा. हेन्री कझेन्स या पुराणवस्तुसंशोधकाने इ. स. १९३१ मध्ये दक्षिणेतील मध्ययुगीन देवळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून तरी अभ्यासकांना हे उघड झाले आहे की, लोक ज्यास हेमाडपंती म्हणतात ती एका मनुष्याची निर्मिती नसून कित्येक पिढ्यांच्या पाथरवटांची परंपरा आहे. हेमाद्रिपंतांनी आपल्या अधिकाराने काही देवळांस द्रव्य दिले असेल, जीर्णोद्धारास चालना दिली असेल, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून लोकांनी साऱ्याच देवळांस त्यांचे नाव दिले असावे.

ज्यांची नावे राहिली नाहीत त्या पाथरवटांची विद्या कशी होती, हे थोडक्यात पाहू. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड फार कठीण असतो. त्यावर बारीक नक्षी काढणे कष्टाचे, पण एकदा पृष्ठभाग साफ घडविला म्हणजे तो शतकानुशतके टिकतो. हे दगड एकमेकांवर इतके तंतोतंत बसवीत की मध्ये चुन्याची गरज पडत नसे. एका दगडास खाच आणि दुसऱ्यास तिच्यात बसणारा उंचवटा ठेवीत, आणि वरच्या थरांचे ओझेच खालच्या थरांस जागच्या जागी धरून ठेवी. देवळाचा पाया आखताना चौकोन मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरवून तारकाकृती आराखडा काढीत. त्यामुळे भिंतीस अनेक कोन येतात, प्रत्येक कोनावर ऊन आणि सावली वेगळी पडते, आणि एवढा जड दगड हलका भासू लागतो. शिखरावरही लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी रचून मधून जाळीदार पट्टे वर नेलेले असतात.

दगडाची एक मर्यादा या पाथरवटांनी ओळखली होती. दगड दाब सहन करतो, पण आडवा टाकून त्यावर ओझे ठेवल्यास लवकर मोडतो. म्हणून दगडी तुळई फार लांब टाकता येत नाही आणि खांब जवळ जवळ उभे करावे लागतात. जुन्या सभामंडपांत खांबांची दाटी असते, ती यासाठी. छत झाकताना ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकीत. मग त्यावर पुन्हा तसेच थर पुढे पुढे सरकवून मधली पोकळी लहान करीत नेत आणि शेवटी एका दगडाने ती मिटवीत. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी, इ. स. १२०४ मध्ये, त्याचा मंत्री बिचिराज याने ती बांधविली. ते जैनांचे मंदिर आहे, पण छताच्या मध्यभागी लोंबणारे दगडी कमळ पाहताना हात आपोआप जोडले जातात. खिद्रापूरला याच विद्येची परिसीमा झाली आहे. तेथील स्वर्गमंडपाचे वर्तुळाकार छत मुद्दाम मिटविलेले नाही, आणि मध्यातून आकाश दिसते. त्या देवळासमोर नंदी नाही. नदीपलीकडे यडूरला जो नंदी आहे तोच त्या महादेवाचा, असे लोक सांगतात. देव एका तीरावर आणि नंदी दुसऱ्या तीरावर! आज त्या दोन तीरांमध्ये राज्याची सीमा आहे, पण देवाने ती मानलेली नाही.

देवळे राजांनी बांधली असे आपण सहज म्हणतो. पंढरपुरातील एक शिलालेख या समजास चांगली दुरुस्ती करतो. विठ्ठलमंदिरातील तो दगड चौऱ्यांशीचा लेख म्हणून प्रसिद्ध आहे, कारण त्यास पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत. त्यात इ. स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिरास देणग्या देणाऱ्यांची यादी कोरली आहे. रामचंद्रदेव यादवांचे नाव तीत आहे. हेमाद्रिपंतांचे नावही आहे. पण त्यांच्याबरोबर निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या धंद्यांच्या, साध्या माणसांची नावेही आहेत. कोणी काही नाणी दिली, कोणी नित्याच्या सेवेची सोय केली. चक्रवर्ती राजा, त्याचा सर्वाधिकारी मंत्री आणि एखादा सामान्य भक्त एकाच दगडावर, एकाच यादीत आले. आमच्या मते हेमाद्रिपंतांचे खरे स्मारक हा दगड होय. येथे ते वास्तूचे निर्माते म्हणून मिरवीत नाहीत. अनेक दात्यांपैकी एक दाता म्हणून उभे आहेत, आणि हे स्थान त्यांच्या पदवीपेक्षा लहान नाही.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला आणि अपार लूट घेऊन गेला. रामचंद्रदेव मांडलिक झाले, आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य समूळ नाहीसे झाले. राज्य गेले तसा मोठ्या दगडी देवळांचा आश्रय गेला. पाथरवट उरले, पण त्यांची मुले किल्ल्यांचे बुरूज, विहिरी आणि वाड्यांची जोती घडवू लागली. मधल्या शतकांत चुना, वीट, कमान आणि घुमट यांची विद्या दक्षिणेत सर्वत्र पसरली. मराठ्यांचे राज्य आल्यावर देवळे पुन्हा बांधली जाऊ लागली, तेव्हा ती या नव्या विद्येसह बांधली गेली. दगडी गाभारा, वर विटा-चुन्याचे शिखर, पुढे लाकडी खांबांचा अथवा कमानींचा प्रशस्त सभामंडप, अंगणात दीपमाळ आणि दारावर नगारखाना, असे आपल्या परिचयाचे देऊळ तयार झाले. कमानीमुळे खांब विरळ झाले आणि मंडपात शेकडो माणसांस बसता येऊ लागले. कीर्तन आणि भजन ज्या समाजाच्या जीवनाचा भाग झाले, त्यास अशाच मंडपाची गरज होती. त्र्यंबकेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात पुन्हा काळ्या दगडात उभारविले आणि अहल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा जुन्या पाथरवटांची छिन्नी पुन्हा बोलू लागली.

येथे दूरच्या एका हिंदू समाजाचे उदाहरण द्यावेसे वाटते. आग्नेय आशियातील बाली बेटावर आजही बहुसंख्य लोक हिंदू आहेत. तेथील देवळांत चारी बाजूंनी भिंत घातलेली मोकळी प्रांगणे असतात आणि आत मेरू नावाचे, एकावर एक छपरे असलेले मनोरे उभे असतात. ती छपरे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली असतात. तंतू, लाकूड आणि बांबू काही वर्षांनी जीर्ण होतात, मग वस्तीतील सारी कुटुंबे आपल्या मंडळामार्फत, ज्यास ते बंजार म्हणतात, श्रमदानाने ती पुन्हा उभारतात. मापे घेण्याचे शास्त्र जाणणारा उंडगी हा कारागीर त्यांस मार्गदर्शन करतो, आणि घराची मापे यजमानाच्याच अंगावरून घेतली जातात. आमच्या मनात यावरून एक विचार आला. त्यांचे देऊळ झिजते, म्हणून प्रत्येक पिढीस ते बांधावयास शिकावे लागते आणि विद्या जिवंत राहते. आपले देऊळ झिजले नाही, म्हणून आपण ते बांधावयास शिकलो नाही. दगड टिकला आणि विद्या विसरली.

या विस्मरणाचे फळ आज डोळ्यांपुढे आहे. जीर्णोद्धार करावयाचा म्हणून गावोगावी वर्गणी जमते, उत्साह असतो, भक्तीही खरी असते. पण काम सुरू झाले म्हणजे काळ्या दगडास झगझगीत तैलरंग फासला जातो, खांबांवर चकचकीत फरशी चढते, सांध्यांत सिमेंट भरले जाते, आणि कधी कधी सबंध देऊळच पाडून त्या जागी काँक्रीटची इमारत उभी राहते. आमच्या पाहण्यात एका गावी जुन्या देवळाचे कोरीव दगड रस्त्याकडेला पडलेले होते आणि त्यावर गुरे बांधली होती. कोणाच्याही मनात पाप नव्हते. हे दगड पुन्हा घडविणारा हात आता मिळत नाही, एवढे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. सिमेंटाविषयी जाणते लोक सांगतात की चुन्यावाचून रचलेल्या भिंतीत शिरलेले पाणी सांध्यांतून बाहेर पडते. ते सांधे सिमेंटाने बुजविले म्हणजे ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा झडू लागतात. रंगाचेही तसेच. एकदा चढविलेला तैलरंग काढताना नक्षीची धार जाते.

आमचे वडील रोज पहाटे गाभारा धुतात. त्यांना वास्तुशास्त्राची पुस्तके ठाऊक नाहीत. पण कोणता दगड पावसाळ्यात ओला राहतो, कोणत्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप दरसाल डोके काढते आणि ते लहान असतानाच उपटले पाहिजे, पाणी जाण्याची पन्हळ कोठे तुंबते, हे त्यांना ठाऊक आहे. पुजारी, गुरव, झाडलोट करणाऱ्या बाया, यांच्याजवळचे हे ज्ञान कोणत्याही जीर्णोद्धार समितीने आरंभीच विचारून घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. बाहेरच्या जाणकारांचा सल्ला अवश्य घ्यावा, परंतु तो या ज्ञानास जोडून घ्यावा.

आनंदाची गोष्ट अशी की वारे बदलत आहे. पंढरपुरास इ. स. २०२४ मध्ये विठ्ठलमंदिराच्या संवर्धनाचे काम झाले, तेव्हा मागाहून बसविलेल्या फरश्या आणि चांदीचा पत्रा काढून आतील मूळ दगडास पुन्हा उजेड दाखविण्यात आला. ज्या मंदिरास हेमाद्रिपंतांनी आणि असंख्य सामान्य भक्तांनी आपापल्या शक्तीप्रमाणे दान दिले, त्याचे जुने रूप पाहताना अनेकांस समाधान वाटले असेल. सजावट कमी केल्याने देवाचे वैभव उणे झाले नाही.

धर्मशास्त्रात कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट, आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नदान, बागा, जे सर्वांच्या उपयोगी पडते ते पूर्त. हेमाद्रिपंतांनी दानाचा एवढा मोठा खंड रचला, त्यामागे राज्याचे धन लोकांच्या उपयोगी लागावे हीही दृष्टी असावी. त्यांच्या आयुष्याकडे पाहता दोष दिसतात, विरोध दिसतो, अधिकाराची हाव दिसते असेही कोणी म्हणेल. पण त्यांनी नोंदी ठेवल्या, विखुरलेले ज्ञान एकत्र केले, विद्वानांस पोसले आणि देवकार्यात आपला वाटा टाकला. लोकांनी त्यांच्या पदरी न केलेल्या कामाचेही श्रेय घातले. त्या श्रेयातील पाथरवटांचा भाग पाथरवटांस परत देणे, हे आता आपले काम आहे.

श्री चांगळेश्वरीच्या या गावात आणि आसपासच्या खेड्यांत लहानमोठी पुष्कळ देवळे आहेत. सभासद कुटुंबांनी आपापल्या कुलदैवताच्या आणि वाडीतील देवळाची एक वही घालावी. तीत जुने दगड, शिलालेख, वीरगळ, दीपमाळा यांची नोंद करावी, वृद्धांस माहीत असलेली हकीकत लिहून घ्यावी आणि जेथे मोडी कागद असतील ते जाणकारास दाखवावेत. नवे बांधकाम हवे असल्यास ते अवश्य करावे, पण जुन्या गाभाऱ्यास धक्का न लावता बाजूस करावे. नाव न कोरता घडविणाऱ्या त्या हातांस याहून मोठी दक्षिणा आपण देऊ शकत नाही. श्रीचरणी हीच प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करितो.